पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या

दादरला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत आयुर्वेदिक औषधांचं एक जुनं दुकान आहे. होळी होऊन चारेक दिवस झाले असतील, मी तिथे तपासणीला गेले होते. तेव्हा मी औषध निरीक्षक होते. अजूनही त्याच खात्यात आहे, पण आता फिरतीवर नाही.

तपासणी नेहमीचीच होती. भांगेच्या झाडाबाबत आपला कायदा पान वेगळं मानतो आणि फूल वेगळं. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, झाडाचा चीक म्हणजे चरस, आणि दोन्ही गुन्हा. पान मात्र त्यातून सुटतं. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात, आणि परवाना असलेला कारखाना त्याच्या पानांचं तेल किंवा गोळ्या बनवू शकतो. कॅन्सरच्या रुग्णांना दुखण्यासाठी, मळमळीसाठी, झोपेसाठी काही वैद्य ते देतात. बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असं छापलेलं असावं लागतं आणि दुकानदाराने वैद्याची चिठ्ठी बघून, ती फाइलला लावून मगच बाटली द्यायची. मी ती फाइल बघत होते.

चिठ्ठ्या बहुतेक एकाच वैद्याच्या होत्या. गिरगावातला दवाखाना, नोंदणी क्रमांक, फोन, सगळं छापलेलं. अक्षर सुरेख होतं, निळ्या-काळ्या शाईतलं. ऑक्टोबरची चिठ्ठी, डिसेंबरची चिठ्ठी, मार्चची चिठ्ठी मी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला काहीतरी खटकलं. शाईची छटा तीच, पेनाचा दाब तोच, कागदही एकाच पॅडचा. सहा महिन्यांत माणसाचं अक्षर जरा तरी इकडचं तिकडे होतं. हे एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटत होतं.

मी तिथूनच फोन लावला. एका बाईंनी उचलला.

“वैद्यबुवा आहेत का?”

“ते नाहीत.”

“कधी भेटतील?”

“ते गेले हो. गणपतीत.”

मला वाटलं, गावी. “मग परत कधी येणार?”

“परत?” त्या म्हणाल्या. मग शांतपणे, “वारले ते. सात महिने होतील आता.”

माझ्या हातातल्या चिठ्ठीवर परवाची तारीख होती.

दुकानदाराने विचारलं, “काय म्हणतात वैद्यबुवा?” मी म्हटलं, “घरी नाहीत.” आणि फाइल ताब्यात घेतली.

खोटी सही, एवढंच मला तेव्हा वाटलं. कुणीतरी मेलेल्या माणसाचं पॅड वापरतंय. मी नोंदणीच्या दप्तरातून त्यांच्या सहीचा नमुना मागवला. आठवड्याने तो आला. सही त्यांचीच होती. हुबेहूब नक्कल नव्हे, त्यांचीच.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी नायगावच्या चाळीत वाढले. आमच्याकडे बुद्धमूर्तीपुढे पौर्णिमेला मेणबत्ती लागायची, पण कौल, अंगात येणं, दृष्ट काढणं यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. शेजारच्या घरात कुणी भूत दिसलं म्हणालं की वडील विचारायचे, “कपडे घातले होते का त्याने? मग कपड्यांचंपण भूत असतं?” आम्ही भावंडं हसायचो. त्यामुळे गिरगावच्या त्या जिन्यावर चढताना मला भीती वगैरे वाटत नव्हती. फार तर एखादा लबाड कंपाउंडर सापडेल, असं मनात होतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत. दारावरची पाटी तशीच होती. वेळ चार ते सात. मी साडेचारला पोचले. बाकावर तिघं जण बसले होते. टेबलामागची लाकडी खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या बाजूला एका स्टुलावर सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, नाकावर चष्मा. त्यांच्यासमोर एक पेशंट बसला होता आणि आपलं दुखणं सांगत होता. पण बाईंकडे बघून नाही. तो रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होता.

त्याचं झाल्यावर मी पुढे गेले आणि ओळखपत्र दाखवलं. बाईंनी ते चष्मा वर करून नीट वाचलं.

“आडनाव इथे पुसट झालंय,” त्या म्हणाल्या. “काय आडनाव तुमचं?”

“औषध निरीक्षक,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “बसा,” म्हणाल्या. मी बाकावर बसले. त्या खुर्चीत बसायचं माझ्याही मनात आलं नाही.

“या चिठ्ठ्या कोण लिहितं?”

“तेच.”

“बाई, ते वारलेत.”

“हो. लिहून ठेवल्यात त्यांनी.”

त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत खालच्या फळीवर खाकी पाकिटं उभी लावून ठेवली होती, अकरा. प्रत्येकावर रुग्णाचं नाव. काही पाकिटं फुगलेली, काही चपटी.

बाई, म्हणजे वैद्यबुवांच्या पत्नी, पूर्वी महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तशा त्या सांगत होत्या. वैद्यबुवांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. हातात तीन-चार महिने होते. त्यांच्याकडे विजया घेणारे अकरा रुग्ण होते, सगळे परळच्या इस्पितळात जाऊन आलेले. त्यांना दुसऱ्या वैद्यांकडे पाठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण विजया लिहायला कुणी तयार होईना. गांजाचं लफडं नको, असं प्रत्येकाचं उत्तर. मग रोज दुपारी जेवण झालं की ते टेबलाशी बसायचे आणि पुढच्या महिन्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे.

“मी म्हणायची, अहो, जरा पडा. ते म्हणायचे, पडायचंच आहे की.”

“पण पुढे पेशंटला काय होणार ते त्यांना कसं कळणार? मात्रा कशी ठरवली?”

“ते डोळे मिटून बसायचे. एकेका माणसाला डोळ्यांपुढे आणायचे. मग लिहायचे.” त्यांनी आवाज खाली आणला. “यातली तीन पाकिटं रिकामी झालीत बाई. शेवटचा कागद मी दिला आणि त्या त्या महिन्यात ती माणसं गेली.”

बाकावरचे तिघं ऐकत होते. त्यांना हे नवीन नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

तेवढ्यात पुढचा पेशंट उठून समोर आला. साठी ओलांडलेला, लालबागचा, गिरणी बंद पडेपर्यंत तिथे कामाला. हाडांत कॅन्सर पसरलेला. भिंतीला धरत तो खुर्चीपाशी आला. बाईंनी त्याच्या पाकिटातला वरचा कागद काढला. त्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी वाचलं:

“डाव्या खांद्याखाली कळ. कुशीवर वळलं की जास्त. बरोबर?”

त्याने डोळे मिटले, खांदा जरासा हलवला आणि म्हणाला, “व्हय. थयच.”

माझ्या मानेवर काटा आला. तो कागद लिहिणारा माणूस सात महिन्यांपूर्वी चंदनवाडीच्या स्मशानात जळून गेला होता.

मग माझ्या लक्षात आलं की आधी कागद वाचला गेला आणि मग दुखणं सांगितलं गेलं. या माणसाला कुणी तपासलंच नव्हतं. त्याचा खांदा आधीपासून दुखत होता की वाचल्यावर दुखायला लागला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित त्यालाही. कायदा ‘तपासून मग लिहा’ म्हणतो तो याचसाठी, हे मी अनेक वर्षं लोकांना ऐकवत आले होते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं.

मी गॅलरीत जाऊन साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मृत माणसाच्या चिठ्ठीवर विजया? ताबडतोब जप्त करा.” तासाभरात एक सहकारी लाख, मेणबत्ती आणि शिक्का घेऊन आला. चाळीतले दोन शेजारी पंच म्हणून बोलावले. मी एकेक पाकीट उघडून कागद मोजायला लागले. लालबागच्या काकांचे दोन कागद होते. एक आजचा, एप्रिलचा, नुकताच बाहेर काढलेला. आणि एक मेचा. त्यापुढे काही नाही.

काका अजून गेले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

“वयनीनू,” ते बाईंना म्हणाले, “माजे कागद किती रवले ओ?”

“ते मी कुणाला सांगत नाही, माहीत आहे तुम्हाला.”

मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमी आता बघितल्यात. सांगा माका.”

मी सरकारी माणूस. पंचनाम्याच्या मधोमध उभी. “भरपूर आहेत, काका,” मी म्हटलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवून भिंत धरत बाहेर गेले.

लाख वितळवून शिक्के मारेपर्यंत बाई स्टुलावर बसून बघत होत्या. सही करताना म्हणाल्या, “आता यांना कोण लिहून देणार?” मी म्हटलं, बघते. काय बघणार होते ते मलाच माहीत नव्हतं.

जप्त केलेल्या प्रत्येक कागदाची यादी करावी लागते. तारीख, मात्रा, मजकूर. ते काम माझ्याकडेच आलं. चार दिवस मी कार्यालयात बसून ते टाइप करत होते. आजूबाजूला फोन वाजत होते, कुणाचा तरी वाढदिवस म्हणून केक कापला गेला, आणि मी पुढच्या दिवाळीतलं एका परक्या माणसाचं दुखणं टाइप करत होते. ‘आवाज बसेल. लिहून सांगायला पाटी द्यावी.’ ‘पायावर सूज. मुलगी येऊन राहील.’ ‘भूक परत लागेल. मागेल ते खाऊ द्यावं.’ हे शेवटचं वाक्य एका पाकिटातल्या अखेरच्या कागदावर होतं, पुढच्या जानेवारीतल्या. ते टाइप करून मी उठले आणि खाली जाऊन रस्त्यावर उभी राहिले.

वाईट म्हणजे मला सवय लागली. सकाळी दात घासताना कुठे काही दुखलं की मनात त्या अक्षरातलं वाक्य तयार व्हायचं.

यादी झाल्यावर मी एकेक पत्ता शोधत त्या रुग्णांना भेटायला लागले. हे माझ्या कामात बसत नव्हतं. पहिली वडाळ्याची एक बाई. पन्नाशीची, दोन्ही मुलं नोकरीला, घर टापटीप. तिचं पाकीट सगळ्यात जाड होतं, दोन वर्षं पुरेल एवढं. तिने हसतमुखाने चहा दिला.

“इस्पितळात शेवटचं कधी गेला होता?” मी विचारलं.

“नाही गेले. गणपतीपासून.”

“का?”

“आता कशाला मॅडम? माझं पाकीट जाड आहे ना. कपाट उघडलं की दिसायचं की.”

तिची तपासणीची तारीख तीनदा हुकली होती. मी तिच्या मुलाला फोन केला, रागावले, दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन गेला. पण तोवर आत पसरलं होतं. ती पावसाळ्यात गेली. कागद अजून दीड वर्षाचे शिल्लक होते.

चिठ्ठी लिहायला कुणी वैद्य मिळेना, हे मात्र खरं होतं. मी सात-आठ जणांना विचारलं. शेवटी परळला, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दवाखाना असलेल्या एका तरुण वैद्य मुलीकडे गेले. तिनेही आधी हात झटकले.

“मॅडम, उद्या पोलीस आले तर तुम्ही येणार आहात का माझ्याबरोबर?”

“पोलीस पानासाठी येत नाहीत. तू पेशंट तपास, नोंद ठेव, मात्रा लिही, तारीख आजची टाक. औषध परवान्याच्या कारखान्याचंच लिही. एवढं केलंस तर कायदा तुझ्या बाजूने आहे.”

“मग बाकीचे का घाबरतात?”

“कारण कुणी त्यांना हे नीट सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही.”

तिने पॅड पुढे ओढलं. “एक पेशंट पाठवा,” म्हणाली. मी लालबागच्या काकांना पाठवलं.

तिने त्यांना तासभर तपासलं. संध्याकाळी मला फोन आला. “मॅडम, यांना मात्रा किती चालली होती माहितेय? दर महिन्याला वाढवत नेलीये. दुखणं वाढणार असं धरून. हे अर्धा दिवस गुंगीत असतात. तोंड कोरडं, म्हणून जेवत नाहीत, म्हणून अशक्तपणा. मी निम्म्यावर आणतेय. आणि इस्पितळात पाठवतेय, हाडांसाठी किरणांचा शेक देता येईल का विचारायला.”

हे सगळं तर्काला धरून होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण यादीतला मेचा कागद माझ्या डोक्यातून जात नव्हता. तो इतरांसारखा नव्हता. त्यावर दुखण्याचं काही लिहिलेलंच नव्हतं. तारीख, त्याखाली ‘महिनाभर’, आणि त्याखाली एक ओळ: ‘दार उघडं ठेवावं.’

तो महिना संपायचा होता त्या दिवशी मी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्वतःला सांगितलं की पाठपुरावा आहे. दुपारी बाराला मी लालबागच्या त्यांच्या चाळीत होते.

मे अखेरची लालबागची चाळ ज्याने पाहिलीय त्याला ते कळेल. सगळे गावाला गेलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत ओळीने दारं आणि प्रत्येक दाराला कुलूप. दोऱ्यांवर कपडे नाहीत, टीव्हीचा आवाज नाही. माझ्या चपलांचा आवाज पुढे जाऊन भिंतीला लागून परत येत होता. टोकाचं एक दार तेवढं सताड उघडं होतं.

काका कॉटवर बसले होते. दाढी केलेली, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, कडक धोतर. खोली झाडून काढलेली. शेजारी स्टुलावर चाव्या आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेला कागद.

“येवा,” ते म्हणाले. “माका वाटलाच, तुमी येतलात.”

“घरात कुणी नाही?”

“सून पोरांका घेवन गावाक गेली. झील कामार गेलो. माका घेवन जायत होते, मी नाय म्हटलंय. गाडयेत काय झाला तर पोरांका भिया बसतला.”

मी चपला दाराशी काढल्या.

“तुमी त्या दिवशी खोटा बोललात. मी गिरणीत सुताचो नंबर हातान सांगी, मॅडम. दोन कागद नि धा कागद माका कळाचा नाय?”

“दार का उघडं ठेवलंत काका?” माझा आवाज मला परका वाटला. तो कागद त्यांना कुणी दाखवला नव्हता. बाईंनी पाहिला असेल तर त्या सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

“असाच. बरा दिसता.”

चाव्या आणि तो कागद खिडकीत ठेवून मी स्टुलावर बसले. त्यांना सांगितलं की तो कागद म्हणजे एका आजारी माणसाचा अंदाज होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यात तेव्हा मरणाशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याला सगळीकडे तेच दिसत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडतो म्हणाले आणि डोळे मिटले.

एक वाजला, दोन वाजले. उन्हाची पट्टी लादीवरून सरकत कॉटच्या पायापर्यंत आली. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. श्वास वर जायचा, थांबायचा, मग खूप वेळाने खाली यायचा. एकदा तर इतका थांबला की मी पुढे वाकले. तेव्हाच ते डोळे न उघडता बोलले.

“थय नको बसा, मॅडम. थय ते बसलेत.”

मी दाराकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता. हलला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या अंगाखालचं स्टूल अचानक थंड लागलं, आणि मी उठले. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. कपड्यांचंपण भूत असतं का, असं विचारणाऱ्या माणसाची मी मुलगी. मी त्या रिकाम्या स्टुलापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि अडीच तास तशीच उभी होते. एकदाही परत बसले नाही. पाय भरून आले तरी नाही.

पाच वाजून गेल्यावर खालच्या रस्त्यावर बेकरीवाल्याची घंटी वाजली. काकांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं.

“अजून कायच झाला नाय,” ते म्हणाले.

“नाही.”

“भूक लागली.”

मी खाली धावत जाऊन खारी आणि पाव घेतले. त्यांच्या शेगडीवर चहा केला. त्यांनी चार खाऱ्या चहात बुडवून खाल्ल्या आणि मला विचारलं, “तुमी उभी कित्याक?” स्टुलावरून उठवल्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. सातला मुलगा आला, तेव्हा ते धोतर सोडून लेंगा घालून बसले होते.

ते पुढे आणखी दहा महिने जगले. गणपतीला गावी गेले, आले. दर महिन्याला परळला त्या मुलीकडे जायचे, तपासून घ्यायचे, आजच्या तारखेची चिठ्ठी घ्यायचे. दुसऱ्या शिमग्यानंतर मुलाचा फोन आला की झोपेत गेले. मी विचारलं नाही की दार उघडं होतं का.

बाकीच्यांचंही मी लिहून ठेवलं आहे. उरलेल्या आठांतले दोघं कागद संपले त्याच महिन्यात गेले. वडाळ्याच्या बाई फार आधी गेल्या. लालबागचे काका फार नंतर. एकाचा पत्ताच लागला नाही. तिघं हे लिहीपर्यंत आहेत आणि त्यांचे कागद केव्हाच संपले. म्हणजे अंदाज कधी बरोबर, कधी चूक, कुठल्याही अनुभवी वैद्याचा असेल तसा. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगते. मग मला ‘आवाज बसेल, पाटी द्यावी’ आठवतं. त्या माणसाचा आवाज खरंच बसला, दिवाळीत. त्याला तो कागद कधी कुणी वाचून दाखवला नव्हता.

खटला झाला नाही. लिहिणारा मृत, आणि बाईंनी आपल्या हाताने काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना ताकीद देऊन फाइल बंद झाली. दुकानदाराला नोटीस गेली. परळच्या मुलीकडे आता विजयाचे वीसेक पेशंट आहेत आणि दोन नवे वैद्य तिला विचारून लिहायला लागलेत.

फाइल बंद झाल्यावर महिन्याभराने बाई एकट्याच कार्यालयात आल्या. पिशवीतून त्यांनी एक खाकी पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. दोऱ्याने बांधलेलं, गाठ न सोडलेली. वर नाव त्यांचंच.

“हे तेव्हा दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पंचनाम्यावर खोटी सही केली मी. काय ते करा.”

“तुम्हाला काही आजार आहे?”

“नाही. म्हणूनच तर. मला काही झालेलं नसताना त्यांनी माझं पाकीट का केलं असेल? ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलं होतं त्यांनी. जाडी कळू नये म्हणून मी टॉवेलात गुंडाळून ठेवायची. तरी रोज दुपारी मन तिकडेच.”

“उघडून मोजावं लागेल, बाई. यादी करावी लागते.”

“करा. माझ्यासमोर नको.”

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी गाठ सोडली. पन्नास-साठ कागद होते. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभरा सगळे उलटले. खाली प्रत्येकावर ती निळी-काळी सही. वर काही नाही. ना तारीख, ना मात्रा, ना दुखणं. कायद्याने बघितलं तर त्या सगळ्या जप्तीतला हाच सर्वांत गंभीर प्रकार होता, कोऱ्या कागदावरची सही.

मी बाहेर गेले. “सांगू?” विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग पिशवीचे बंद नीट करत म्हणाल्या, “बरं, सांगा.”

“कोरे आहेत. सगळे. फक्त सह्या.”

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

“लिहायला धजले नाहीत,” त्या म्हणाल्या.

मग मला आत बोलावणं आलं, साहेबांना दुसरीच कसली तरी माहिती हवी होती. मी परत आले तेव्हा बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, बाई पाणी पिऊन गेल्या, आणि गिरगावला जायला बस कुठून मिळते ते विचारत होत्या.